वाचकांचे प्रश्न : भूल देण्यापूर्वीचे उपाशी पोट आणि यकृताची काळजी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाच्या आसपासची आहेत. सांगली-मिरज परिसरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना हेच प्रश्न मला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी रोज विचारले जातात, आणि तेथे घाईत दिलेले उत्तर अपुरे राहते. म्हणून या वेळी पूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील प्रश्नाला खोली आहे.

प्रश्न : सादर नमस्कार. माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. त्यांच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ मागील वर्षी काढली. आता यकृताच्या उजव्या भागात दोन गाठी दिसल्या असून, केमोथेरपीनंतर तेवढा भाग काढण्याचे ठरले आहे. त्यांची उंची १६५ सेंटिमीटर व वजन ८४ किलो आहे. मधुमेह नाही, पण सोनोग्राफीत फॅटी लिव्हर सांगितले आहे. मागच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रात्री आठनंतर पाण्याचा थेंबही घेऊ नका अशी सूचना होती आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सुरू झाली. तोवर त्यांचे ओठ फुटले होते आणि डोके ठणकत होते. आमच्या मुलाने कोठेतरी वाचले आहे की, शस्त्रक्रियेआधी तीन दिवस कडकडीत उपवास केल्यास यकृत सुरक्षित राहते. सासूबाई म्हणतात, आजारी माणसाला उपाशी मारू नका, तूप-भात घाला. आम्ही कोणाचे ऐकावे?
— सौ. अ. कु., विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन निरनिराळे उपवास एकत्र आले आहेत. भूल देण्यापूर्वी जो उपवास सांगितला जातो त्याचा हेतू फुप्फुसे वाचवणे हा आहे. यकृताशी त्याचा थेट संबंध नाही. आपल्या मुलाने वाचलेला उपवास यकृतासाठीचा आहे, आणि तो अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेतील उंदरांपुरता आहे. आधी पहिल्याविषयी लिहितो.

भूल चढली की गिळण्याची आणि खोकण्याची आपोआप होणारी क्रिया थांबते, अन्ननलिका व जठर यांच्यामधील स्नायू सैल पडतो, आणि जठरात काही शिल्लक असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकते. न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदींमधून अशा ६६ घटना पुढे आणल्या. त्यांतील दोन स्त्रिया घन अन्न श्वासमार्गात अडकून गुदमरल्या. बाकीच्यांपैकी अनेकांत जठरातील आम्लाने फुप्फुसांना इजा केली होती. या माहितीचा वैद्यकीय जगावर एवढा परिणाम झाला की, ‘मध्यरात्रीनंतर तोंडाने काहीही नाही’ हा दंडक सर्वत्र रूढ झाला. मात्र त्यात अन्न आणि पाणी यांच्यात फरक केला गेला नाही. पुढे मोजमापे झाली तेव्हा असे दिसले की, निरोगी जठरातून निम्मे पाणी साधारण वीस मिनिटांत पुढे सरकते, तर भाकरी-भाजीला काही तास लागतात आणि तळणीच्या किंवा मटणाच्या जेवणाला त्याहूनही अधिक लागतात. दूध दिसायला पातळ असले तरी जठरातील आम्लात फाटून घट्ट होते, म्हणून ते अन्नातच मोजावे लागते.

या मोजमापांवरून अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये नवे नियम केले, आणि भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा गाभा असा की, नियोजित शस्त्रक्रियेत पाणी व तत्सम स्वच्छ पेये भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत घेता येतात, हलका आहार किंवा दूध सहा तास आधीपर्यंत, आणि तुपकट, तळलेले किंवा मांसाहारी जेवण झाले असेल तर आठ तास किंवा त्याहून जास्त थांबावे लागते. स्वच्छ पेय म्हणजे ज्यातून पलीकडचे छापील अक्षर वाचता येईल ते: पाणी, दूध न घातलेला चहा, मलई नसलेले शहाळ्याचे पाणी, गाळलेला सफरचंदाचा किंवा द्राक्षांचा रस. उसाचा रस, ताक आणि लिंबाचा गर असलेले सरबत यांत बसत नाही.

आपल्या यजमानांना एकोणीस तास कोरडे ठेवले गेले, ते यांपैकी कोणत्याही नियमात बसत नाही. असे का घडते, हे मला चांगले ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीच्या सर्व रुग्णांना रात्री एकच सूचना दिली जाते, सकाळची पहिली शस्त्रक्रिया लांबते, आणि यादीतील शेवटचा माणूस आपली पाळी येईपर्यंत तसाच पडून राहतो. मी शिकाऊ असताना अशा सूचनांखाली सही केलेली आहे. आज मला ती चूक वाटते, विशेषतः रुग्णाच्या यकृतावरच शस्त्रक्रिया व्हायची असेल तेव्हा.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यकृत हे शरीराचे साखरेचे कोठार आहे. पोटभर जेवलेल्या माणसाच्या यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे शंभर ग्रॅम साखर साठलेली असते. स्नायूंत याच्या कितीतरी पट साठा असतो, पण स्नायूंना तो रक्तात सोडता येत नाही. ते काम यकृतच करते. रात्रभराच्या उपवासात यकृत तासाला साधारण आठ ग्रॅम साखर रक्तात सोडते, काही साठ्यातून आणि काही नव्याने तयार करून. जेवून अठरा ते चोवीस तास झाले की हा साठा तळाला जातो आणि मग शरीर स्नायूंमधील प्रथिने मोडून साखर बनवू लागते. त्यातच शस्त्रक्रियेचा आघात झाला की इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो आणि मधुमेह नसलेल्या माणसाची साखरही वाढते.

यकृताचा भाग कापताना आणखी एक गोष्ट घडते. यकृताला येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येते आणि उरलेले धमनीतून. या दोन्ही वाहिन्या एका पदरात शेजारी शेजारी असतात. तो पदर चिमट्यात धरून रक्तप्रवाह काही वेळ थांबवला तर यकृताच्या जखमेतून होणारा रक्तस्राव आटोक्यात राहतो, हे ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये दाखवले. आजही ती युक्ती वापरली जाते. बहुधा पंधरा मिनिटे चिमटा लावायचा, पाच मिनिटे सोडायचा, असे आळीपाळीने केले जाते. चिमटा लागलेला असतो तेव्हा यकृताच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही, आणि तो सुटल्यावर अचानक आलेल्या रक्तामुळे पेशींना दुसरी इजा होते. यकृताचे संरक्षण हा विषय मुख्यतः या दुहेरी इजेभोवती फिरतो.

आपल्या मुलाने वाचले आहे ते येथे लागू होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, उंदरांना तीन दिवस केवळ पाण्यावर ठेवल्यास त्यांचे यकृत आणि मूत्रपिंड ही दुहेरी इजा अधिक चांगली सोसतात असे दिसले. उपासमारीने पेशी सावध होतात आणि आपली संरक्षक रसायने वाढवतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. ते संशोधन उत्तम आहे. पण उंदराचे शरीर आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने इंधन जाळते; एका दिवसाच्या उपवासात त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा सहज घटतो. त्याचे तीन दिवस म्हणजे आपले तीन दिवस नव्हेत. शिवाय प्राण्यांवरील इतर प्रयोगांत याच्या उलट असेही दिसले आहे की, प्राणवायू बंद असताना यकृताच्या पेशी आपल्याच ग्लायकोजेनवर तग धरतात, आणि कोठार भरलेले असलेले यकृत कमी बिघडते. केमोथेरपी घेतलेल्या, शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येण्यासाठी प्रथिनांची गरज असलेल्या माणसाला उंदरांच्या आधारावर तीन दिवस उपाशी ठेवायला मी कदापि सांगणार नाही. हे कृपया करू नका.

तरीही मुलाच्या म्हणण्यात एक धागा आपल्या उपयोगाचा आहे. आपल्या यजमानांच्या वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, सुमारे ३१ येतो आणि यकृतात चरबी आहे. चरबीने भरलेले यकृत फुगीर व ठिसूळ असते, त्यातून रक्त अधिक जाते, आणि रक्तप्रवाह थांबवल्याची इजाही त्याला जास्त होते. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या साठ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, यकृताच्या शस्त्रक्रियेआधी एक आठवडा रोज ८०० कॅलरी व केवळ २० ग्रॅम स्निग्धांश असलेला, पण प्रथिने पुरेशी असलेला आहार दिला गेला. नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर आला. हा उपवास नव्हता, मोजून दिलेले जेवण होते. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेआधी यकृत लहान व्हावे म्हणून दोन आठवडे असाच आहार अनेक ठिकाणी दिला जातो. आपल्या शल्यविशारदांना आणि आहारतज्ज्ञांना याविषयी अवश्य विचारा. केमोथेरपीत त्यांचे वजन झपाट्याने उतरले असेल किंवा रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर हा आहार त्यांच्यासाठी योग्य नाही, आणि तो निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. उपाशी मारू नका, हे त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. त्यातील तूप तेवढे शस्त्रक्रियेआधीच्या आठवड्यापुरते बाजूला ठेवावे आणि त्याऐवजी मुगाचे वरण, अंड्याचा पांढरा भाग, साय काढलेल्या दुधाचे दही यांवर भर द्यावा. आदल्या रात्री त्यांनी नीट जेवावे. शस्त्रक्रिया दुपारी ठरली असेल तर पहाटे हलका नाश्ता चालेल का, ते विचारावे. पुष्कळ ठिकाणी आदल्या संध्याकाळी ८०० मिलिलिटर आणि भूल देण्यापूर्वी दोन-तीन तास ४०० मिलिलिटर असे माल्टोडेक्स्ट्रिनचे साखरयुक्त स्वच्छ पेय देतात. शेवटच्या पेल्यातून साधारण ५० ग्रॅम कर्बोदके मिळतात. त्याने तहान, भूक व अस्वस्थता कमी होते आणि इन्शुलिनचा प्रतिसाद टिकण्यास मदत होते.

पाणी पिऊन येण्याचे आणखी एक कारण फक्त यकृताच्या शस्त्रक्रियेला लागू आहे. यकृत कापण्याच्या टप्प्यात आम्ही सलाईन हात राखून देतो आणि मोठ्या शिरांमधील दाब मुद्दाम कमी ठेवतो, म्हणजे यकृतातील शिरांतून रक्त कमी वाहते. त्याच वेळी रक्तदाब इतका खाली जाऊ द्यायचा नसतो की उरलेल्या यकृताला आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडेल. ही तारेवरची कसरत एकोणीस तास कोरड्या राहिलेल्या रुग्णावर करणे फार अवघड जाते. म्हणून दाखल होताच भूलतज्ज्ञांना भेटा, शस्त्रक्रियेची अंदाजे वेळ विचारा आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते केसपेपरवर लिहून घ्या. वेळ पुढे ढकलली गेली तर पुन्हा विचारा. तसे विचारण्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : माझ्या आईच्या पित्ताशयातील खड्यांची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया ऐनवेळी रद्द झाली. तिला ‘उद्या उपवास ठेवा’ असे सांगितले होते आणि त्या दिवशी संकष्टी होती. तिने पहाटे साबुदाण्याची खिचडी आणि चहा घेतला. यात तिचे काय चुकले?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्या आईचे काहीही चुकले नाही, चूक शब्दाची आणि तो वापरणाऱ्याची आहे. मराठी घरात उपवास म्हणजे धान्य न खाणे. खिचडी, वरी, रताळे, दूध, शेंगदाण्याचे लाडू हे सगळे उपवासाला चालते. भूल देण्याच्या दृष्टीने शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली खिचडी हे जड अन्न आहे आणि त्याला आठ तास धरावे लागतात. शस्त्रक्रिया रद्द करणाऱ्या भूलतज्ज्ञांनी योग्य तेच केले. मी आता रुग्णांशी बोलताना उपवास हा शब्द वापरतच नाही. ‘अमुक वाजल्यानंतर पोटात अन्न, दूध, दुधाचा चहा जाऊ द्यायचा नाही आणि अमुक वाजेपर्यंत पाणी प्यायचे’ असे घड्याळातील दोन वेळा नेमक्या देऊन सांगतो. चंद्रोदयापर्यंत निरंकार राहणाऱ्या काही स्त्रिया याच्या उलट आदल्या दिवसापासून कोरड्या येतात, त्यांनाही पाणी पिण्याची आठवण करून द्यावी लागते. पुढील तारीख घेताना संकष्टी-एकादशी पाहून घेतली तर बरे.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला यकृताचा सिरॉसिस आहे. दीड वर्षापासून दारू पूर्ण बंद आहे. त्याच्या हर्नियाची शस्त्रक्रिया करायची आहे. भुलीच्या औषधाने लिव्हर आणखी बिघडते असे लोक म्हणतात. रात्रभर उपाशी राहणे त्याला झेपेल का?
— एक बहीण, विटा

उत्तर : दीड वर्ष दारूपासून दूर राहणे ही त्याच्या यकृतासाठी कोणत्याही औषधाहून मोठी गोष्ट झाली आहे, हे त्याला माझ्याकडून सांगा.

सिरॉसिसमध्ये यकृताचे साखरेचे कोठार लहान झालेले असते. निरोगी माणसाच्या शरीरात दोन-तीन दिवसांच्या उपासमारीनंतर जी स्थिती येते, ती या रुग्णांत एका रात्रीच्या उपवासानंतरच दिसते. स्नायू झिजू लागतात. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाने एरवीही झोपण्यापूर्वी काहीतरी खावे, असे आम्ही सांगतो. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने त्याला मिळाली पाहिजेत. यकृताच्या आजारात डाळ-अंडी बंद करण्याची जुनी पद्धत अजूनही आपल्याकडे दिसते, तिने नुकसानच होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री उशिरा त्याला खाऊ द्यावे, यादीत त्याचा क्रमांक पहिला लावण्याची विनंती करावी, आणि थांबावे लागलेच तर शिरेतून ग्लुकोज देण्याविषयी विचारावे. पोटात पाणी झाले असेल तर जठर उशिरा रिकामे होऊ शकते, तेव्हा दोन-सहा तासांचा सर्वसाधारण नियम न लावता त्याच्यासाठी वेगळी सूचना घ्यावी.

भुलीच्या औषधाची भीती पूर्वी निराधार नव्हती. १९५६ पासून वापरात आलेल्या हॅलोथेन या श्वासावाटे देण्याच्या भुलीच्या औषधापैकी सुमारे वीस टक्के भाग यकृतात विघटित होत असे, आणि क्वचित एखाद्या रुग्णाला, विशेषतः पुन्हा पुन्हा ते दिल्यास, गंभीर कावीळ होत असे. आज वापरल्या जाणाऱ्या सेव्होफ्लुरेनचे विघटन दोन ते पाच टक्के आणि आयसोफ्लुरेनचे एक टक्क्याहूनही कमी होते. स्नायू सैल करणाऱ्या औषधांत अट्राक्युरियम हे यकृतावर अवलंबून न राहता रक्तात आपोआप विघटित होणारे औषध आहे. आजच्या काळात त्याच्या यकृताला खरा धोका रक्तदाब घसरण्याचा, रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा आहे.

शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हे ठरवताना बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची तपासणी, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम या पाच गोष्टींना गुण देऊन चाइल्ड-प्यू नावाची श्रेणी काढतात. पाच-सहा गुण असतील तर अ श्रेणी, सात ते नऊ ब आणि दहा व त्यापुढे क. क श्रेणीत घाईची नसलेली, पुढे ढकलता येणारी शस्त्रक्रिया टाळतात आणि आधी यकृताची स्थिती सुधारतात. हर्निया अडकला तर मात्र थांबता येत नाही, तेव्हा पोटात कळ, उलटी किंवा गाठ कडक होणे दिसल्यास त्याच वेळी दवाखाना गाठावा. दुखण्यावर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दुकानातून आणून देऊ नका. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच द्यावे, ती अशा रुग्णांत बहुधा दिवसाला दोन ग्रॅम असते.

प्रश्न : लिव्हर साफ राहावे म्हणून मी हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत चालू ठेवू का?
— एक हळद-व्यापारी, सांगली

उत्तर : बंद करा, शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी, आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. आमटीत घातलेल्या चिमूटभर हळदीविषयी मला काही म्हणायचे नाही. ती आपल्या गावाची ओळख आहे. पण शरीरात जास्त शोषले जावे म्हणून काळ्या मिरीचा अर्क मिसळलेल्या, कर्क्युमिन या हळदीतील घटकाच्या तीव्र गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. आपण घेत असलेला प्रत्येक काढा आणि चूर्णही भूलतज्ज्ञांना सांगा. ‘ते काय, आयुर्वेदिक आहे’ म्हणून ते वगळू नका.

प्रश्न : नातू आठ महिन्यांचा आहे, त्याच्या हर्नियाची शस्त्रक्रिया आहे, आणि मला स्वतःला मधुमेह असून पुढच्या महिन्यात मोतीबिंदूसह पित्ताशयाचेही काम करायचे आहे. आम्हा दोघांसाठी सूचना द्याव्यात.
— एक आजोबा, मिरज

उत्तर : नातवाला आईचे दूध भूल देण्याच्या चार तास आधीपर्यंत पाजता येते, वरचे दूध किंवा पावडरचे दूध सहा तास आधीपर्यंत. साखरेचे स्वच्छ पाणी दोन तासांपर्यंत चालते. युरोपातील २०२२ च्या सूचनांत मुलांसाठी ते एका तासावर आणले आहे, तेव्हा आपल्या भूलतज्ज्ञांची पद्धत विचारून घ्या. तान्ह्या बाळाच्या यकृतातील साठा फारच थोडा असतो, म्हणून त्याला रात्री झोपेतून उठवून शेवटचे पाजणे सोयीचे पडते. आईने त्यासाठी घड्याळाचा गजर लावून ठेवावा.

आपल्या स्वतःच्या बाबतीत, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी चालू असेल तर ती पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागते, कारण उपाशीपोटी या गोळ्यांमुळे, रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साठू शकते. वजन व साखर कमी करणारे आठवड्याचे इंजेक्शन घेत असाल तर त्याने जठर उशिरा रिकामे होते, हे आवर्जून सांगा. इन्शुलिनची त्या दिवशीची मात्रा आधी विचारून कागदावर लिहून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी कोणती पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती त्या दिवशी वगळायची, तेही त्याच कागदावर लिहून मागा, आणि तो कागद घरी शर्टाच्या खिशात न राहता आपल्याबरोबर दवाखान्यात येऊ द्या.